वर्गात कोणी बसलेच नाही, तर उत्तम शिक्षक ठरवला कोणी?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी ५ सप्टेंबरच्या मागेपुढे आपल्या दैनिकाच्या नाशिक पानांवर आदर्श शिक्षक, गुणवंत प्राध्यापक, उत्कृष्ट अध्यापक अशा पुरस्कारांच्या याद्या आणि शाल-श्रीफळ स्वीकारतानाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. यंदाही ती झाली. पुरस्कार मिळालेल्या सर्वांचे अभिनंदन करून, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही योग्यतेविषयी शंका न घेता, मला एक प्रश्न आपल्यामार्फत महाविद्यालये, शिक्षणसंस्था आणि विद्यापीठे यांच्यापुढे मांडायचा आहे. ज्यांना उत्तम अध्यापनाबद्दल गौरवण्यात आले, त्यांचा एखादा तास निवड समितीतील एका तरी सदस्याने वर्गात शेवटपर्यंत बसून ऐकला होता काय? माझा अनुभव असा आहे, की बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ‘नाही’ असेच येते आणि ते देताना त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही.

मी नाशिकमधील पदवी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. सेवेत असताना आणि नंतरही अशा निवड समित्यांवर बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे. समितीपुढे माणूस येत नाही, फाइल येते. स्पायरल बाइंडिंग केलेली, मध्ये रंगीत कागद घालून विभाग पाडलेली ती जाडजूड फाइल उमेदवारानेच तयार केलेली असते, कारण बहुतेक पुरस्कारांसाठी अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो. तीत चर्चासत्रांची प्रमाणपत्रे असतात, शोधनिबंधांच्या पहिल्या पानांच्या झेरॉक्स प्रती असतात, वर्तमानपत्रांतील कात्रणे असतात, वृक्षारोपणाची आणि रक्तदान शिबिरांची छायाचित्रे असतात, आणि अलीकडे त्या छायाचित्रांच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांशही उमटलेले असतात, कारण जिओटॅग नसलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही. शिकवण्याविषयी म्हणून जे काही असते ते म्हणजे निकालाची टक्केवारी आणि प्राचार्यांचे शिफारसपत्र. ते पत्रही बहुधा अर्जदारानेच टाइप करून सहीसाठी ठेवलेले असते, हे समितीतल्या सगळ्यांना ठाऊक असते. एका समितीत मी विचारले होते, की यांच्यापैकी निदान दोघा-तिघांचे तास आपण ऐकू या का. अध्यक्ष हसून म्हणाले, “सर, तेवढा वेळ कोणाकडे आहे?” वेळ खरोखरच नव्हता. सन्मानचिन्हांवर नावे कोरायला त्याच दिवशी द्यायची होती.

याचा दोष त्या समितीला किंवा तिच्या अध्यक्षांना देऊन भागणार नाही, कारण अध्यापनाकडे न पाहता अध्यापकाला तोलण्याची ही रीत आपल्या उच्च शिक्षणाच्या नियमांतच मुरलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये अध्यापकांच्या नेमणुका आणि पदोन्नती यांसाठी जे विनियम लागू केले, त्यांत अध्यापनाचे मोजमाप कसे करायचे हे अगदी स्पष्टपणे सांगितलेले आहे. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा त्याहून अधिक घेतल्या असतील तर अध्यापन ‘चांगले’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान घेतल्या असतील तर ‘समाधानकारक’, आणि त्याहून कमी असतील तर ‘असमाधानकारक’. तास झाला की नाही एवढेच पाहायचे. तासात काय झाले यासाठी रकाना नाही. त्याआधीच्या, २०१० पासूनच्या एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) पद्धतीत अध्यापनाला गुण होते खरे, पण ते ज्याचे त्याने भरायचे असत आणि समितीने कागद पाहून मान्य करायचे असत, त्यामुळे त्या रकान्यात स्वतःला कमी गुण घेतलेला सहकारी माझ्या पाहण्यात आला नाही. शोधनिबंधाचा हिशेब मात्र बारकाईने मांडलेला आहे: विज्ञान शाखांत एका निबंधाला ८ गुण, भाषा व सामाजिक शास्त्रांत १०, सहलेखक असतील तर वाटणी कशी करायची, नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकानुसार वाढ किती द्यायची, सगळे काही. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला पदोन्नतीने प्राध्यापकपदापर्यंत जायचे असेल तर किमान १० शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण हवेत.

जे मोजले जाते ते वाढते, आणि ज्या प्रकारे मोजले जाते त्या प्रकारे वाढते, हे संख्याशास्त्राच्या शिक्षकाने वेगळे सांगायला नको. पदवीच्या पहिल्या वर्षाला आठवड्याला १६ तास शिकवणाऱ्या, प्रयोगशाळाही धड नसलेल्या अध्यापकाकडून निबंधांची संख्या मागितल्यावर पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांची दुकाने गल्लोगल्ली उघडली. शेवटी २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात काढून टाकावी लागली. त्या नियतकालिकांत छापण्यासाठी जो वेळ आणि जो पैसा गेला तो कोणाच्या तयारीच्या वेळेतून आणि कोणाच्या पगारातून गेला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. संशोधनाला माझा विरोध आहे असे कृपया कोणी समजू नये. स्वतः काही शोधत राहिलेला शिक्षक वर्गातही ताजा राहतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. पण एका कामाचा काटेकोर हिशेब आणि दुसऱ्याची नुसती हजेरी, असे असले की तरुण अध्यापक आपली शक्ती कुठे लावील हे सांगायला ज्योतिषी नको.

गंमत अशी, की संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १,००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या एकाच निकषाला ठेवले होते, इतर कोणत्याही निकषाहून कितीतरी अधिक. म्हणजे महाविद्यालयाचे मुख्य काम शिकवणे हे कागदावर मान्य होते. परंतु ते ३५० गुण पुन्हा प्रवेशसंख्या, अध्यापक-विद्यार्थी प्रमाण, पीएच.डी. धारकांची संख्या, निकाल अशा आकड्यांत विखुरले जात आणि त्याला जोड म्हणून विद्यार्थ्यांची समाधान पाहणी असे. राष्ट्रीय क्रमवारीतील ‘अध्यापन, अध्ययन व साधने’ या गटाचीही कथा तशीच आहे. विद्यार्थी किती, शिक्षक किती, त्यांच्या पदव्या कोणत्या आणि खर्च किती, एवढे त्यातून कळते. फळ्यापाशी उभे राहून कोणी काय केले हे कळत नाही.

फळ्यापाशी काय होऊ शकते याचे एक उदाहरण देतो. निवृत्तीनंतर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने मला शैक्षणिक अंकेक्षणासाठी बाहेरचा सदस्य म्हणून बोलावले होते. अंकेक्षणाच्या नमुन्यात संगणकांची संख्या, प्रोजेक्टर असलेल्या वर्गखोल्या, सामंजस्य करार असे सगळे रकाने होते आणि वर्ग पाहण्याचा रकाना नव्हता. मी प्राचार्यांची परवानगी घेऊन एका तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता, निफाड-चांदवडकडची बरीच मुले, विषय मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत). मॅडमनी सूत्र लिहिले नाही. फळ्यावर त्यांनी दहा आकडे लिहिले: १६००, १६५०, १७००, १७००, १७५०, १८००, १८००, १८५०, आणि शेवटी ६०० आणि ७००. हे कशाचे आकडे असतील, असे विचारताच मागून दोघे-तिघे एकदम म्हणाले, “कांद्याचे भाव.” लासलगाव बाजार समितीचे किमान, कमाल आणि सरासरी भाव ज्या मुलांच्या घरी रोज पाहिले जातात त्यांना ते ओळखायला वेळ लागला नाही. मग मॅडमनी सांगितले, की या सारख्याच वजनाच्या दहा ट्रॉल्या आहेत असे धरा आणि सरासरी काढा. १५१५ आली. “या भावाने किती ट्रॉल्या विकल्या गेल्या?” वर्ग गप्प. एकही नाही. एक मुलगा जरा रागानेच म्हणाला, की पेपरात सरासरी भाव छापतात तो आमच्या ट्रॉलीला कधीच मिळत नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, की शेवटच्या दोन ट्रॉल्या गोल्टीच्या आहेत, गोल्टी आणि मोठा कांदा एकत्र कशाला मोजायचा? मॅडमनी तिचे उत्तर बरोबर म्हटले नाही आणि चूकही म्हटले नाही. त्यांनी दोन्ही प्रकारांनी हिशेब करायला लावला, गोल्टी वगळून आठ ट्रॉल्यांची सरासरी १७३१ च्या वर गेली, आणि मग दहाही ट्रॉल्या ठेवून मधला भाव काढायला सांगितला तर तो १७०० आला. “आता सांगा, शेतकऱ्याने कोणता आकडा विचारावा, व्यापाऱ्याने कोणता सांगावा आणि सरकारने कोणता छापावा?” तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालू होता.

त्या दिवशी अभ्यासक्रमाचे दोनच शब्द शिकवून झाले. दैनंदिनीत त्याची नोंद ‘एक तासिका, मध्य व मध्यक’ अशी झाली असणार. त्याच वेळी शेजारच्या एखाद्या वर्गात कोणी गाइडातली सूत्रे उतरवून दिली असती तर त्याचीही नोंद अगदी तशीच झाली असती, आणि पदोन्नतीच्या टक्केवारीत दोन्ही तास एकच भरले असते.

खरे तर त्या मॅडमच्या बाबतीत हा प्रश्नही येत नाही, कारण त्या तासिका तत्त्वावर (सीएचबी) आहेत. सीएचबीवर काम करणाऱ्यांना पदोन्नती नाही, रजा नाही, सुट्टीचे मानधन नाही. जो तास घेतला त्याचे पैसे. तयारीला लागलेला वेळ, तपासलेल्या वह्या, तासानंतर पायरीवर उभे राहून सोडवलेल्या शंका यांची गणना कुठेच होत नाही. कायम पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्यामुळे आज आपल्या अनेक महाविद्यालयांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गांचा मोठा भार हेच अध्यापक उचलतात, आणि बहुतेक पुरस्कारांच्या पात्रतेच्या अटींत मान्यताप्राप्त पूर्णवेळ सेवेची इतकी वर्षे असे पहिलेच कलम असते. सुरगाणा-पेठकडून एसटीने येऊन शहरात खोली करून राहणाऱ्या मुलाला महाविद्यालयात पहिल्या वर्षी जो शिक्षक भेटतो तो बहुधा असा असतो. त्याच्या अध्यापनाला मान द्यायचा नाही असे कोणी ठरवलेले नसेल. पण नियमांचा परिणाम तोच आहे.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते, पाठ टाचण लिहावे लागते, सराव पाठ घ्यावे लागतात आणि मागे बसलेला निरीक्षक ते पाहतो. महाविद्यालयात शिकवायला नेट किंवा सेट पुरते. त्या परीक्षेतील अध्यापन अभिरुचीचा भाग चार पर्यायांतून एक निवडण्याचा आहे. मुलाखतीत क्वचित कुठे प्रात्यक्षिक पाठ घेतात. पुढे नोकरीत आल्यावर उद्बोधन आणि उजळणी वर्ग असतात. १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेज या नावाने सुरू झालेली आणि आता केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली आलेली ती केंद्रे काही ठिकाणी फार चांगले काम करतात, पण त्यांतील बहुतेक सहभागींचे लक्ष पदोन्नतीला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर असते हे मान्य करायला हवे. व्याख्यान पद्धतीच्या मर्यादांवर सलग दीड तास व्याख्यान मी अशाच एका वर्गात ऐकले आहे.

याउलट, ज्या विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात म्हसरूळला आहे, त्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांकडे पाहावे. राष्ट्रीय नियामकाच्या अटीनुसार तेथे प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र विभाग लागतो, आणि अध्यापकांनी शिकवावे कसे, प्रश्न काढावेत कसे, कौशल्य तपासावे कसे याचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. उत्तम शल्यविशारद हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, हे त्या क्षेत्राने मान्य केले आहे. गोवर्धनला असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचेही उदाहरण घेण्याजोगे आहे. १९८९ पासूनच्या त्यांच्या पाठ्यपुस्तकांच्या श्रेयनामावलीत लेखक आणि विषय संपादक यांच्याबरोबर अनुदेशन तंत्राचे संपादन करणाऱ्याचेही नाव आढळते. म्हणजे विषय बरोबर आहे की नाही हे एकाने पाहायचे आणि एकट्याने घरी बसून शिकणाऱ्याला तो उमजेल की नाही हे दुसऱ्याने पाहायचे. शिकवण्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरणे हे या शहराला नवे नाही. पारंपरिक महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांचे दरवाजे तेवढे बंद आहेत.

परदेशांत हे कसे घडले तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने अध्यापकांना अध्यापनात मदत करणारे केंद्र १९६२ मध्येच काढले. हार्वर्डमध्ये तसे केंद्र १९७५ मध्ये आले. त्यांचे मुख्य काम कोणाला बक्षीस देणे हे नसते. अध्यापकाने बोलावले तर वर्गात येऊन बसणे, तासाचे चित्रीकरण त्याच्याबरोबर पाहणे, सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांशी बोलून त्यांना काय अडते ते त्याला सांगणे, आणि हे सारे त्याच्या वरिष्ठांच्या कानावर न घालणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. कॅनडात १९८६ पासून दर वर्षी अध्यापनासाठी राष्ट्रीय फेलोशिप दिली जाते. तिचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे निवडलेल्या अध्यापकांनी काही दिवस एकत्र राहून अध्यापनाविषयी विचारविनिमय करणे. इंग्लंडने राष्ट्रीय अध्यापन फेलोशिप २००० मध्ये सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहेत, पण उच्च शिक्षणातील अध्यापकांचा त्यांत समावेश व्हायला २०२३ साल उजाडले. उशिरा का होईना, तो झाला हे चांगले झाले.

मग विद्यार्थ्यांनाच विचारावे, ते तर रोज वर्गात असतात, असे कोणी म्हणेल. विचारावे, जरूर विचारावे. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत अध्यापनाच्या पुरस्कारांसाठी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला मोठे स्थान आहे. पण सत्राच्या शेवटी मोबाइलवर पाठवलेल्या गूगल फॉर्ममध्ये ‘उत्कृष्ट’ या गोलावर बारा वेळा बोट ठेवून मिळणारा अभिप्राय म्हणजे मूल्यमापन नव्हे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात विद्यार्थ्यांनी अध्यापकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांच्यात म्हणावा असा संबंध आढळला नाही. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेतील एका ऑनलाइन अभ्यासक्रमात असे दिसून आले होते, की त्याच शिक्षकाने पुरुषाचे नाव धारण केले की त्याला अधिक गुण मिळतात आणि स्त्रीचे नाव धारण केले की कमी. शिस्तीने वागणाऱ्या, वह्या परत करणाऱ्या बाईंना आणि परीक्षेत काय येईल ते सांगून टाकणाऱ्या सरांना आपल्याकडे काय गुण पडतात, याचा अंदाज कोणत्याही स्टाफरूममध्ये विचारून घेता येईल. विद्यार्थ्यांना ‘शिक्षक कसे आहेत’ असे विचारण्याऐवजी ‘या सत्रात तुम्हाला कोणता भाग समजला नाही आणि तो समजावा म्हणून वर्गात काय केले गेले’ असे विचारले, आणि तेही सत्र संपायच्या आत विचारले, तर उत्तरांचा शिक्षकाला त्याच वर्गासाठी उपयोग होईल.

माझी सूचना साधी आहे. अध्यापनासाठी दिल्या जाणाऱ्या कोणत्याही पुरस्काराच्या निवडीत, मग तो विद्यापीठाने वर्धापनदिनी द्यायचा असो, संस्थेने द्यायचा असो की शहरातील एखाद्या सेवाभावी क्लबने, उमेदवाराचे निदान दोन पूर्ण तास वेगवेगळ्या दिवशी पाहिल्याखेरीज नाव निश्चित करू नये. पाहणारे दोघे असावेत, एक त्याच विषयाचा आणि एक दुसऱ्या विषयाचा, आणि दोघेही दुसऱ्या महाविद्यालयाचे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड या दोन रस्त्यांवर इतकी महाविद्यालये आहेत, की एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जायला रिक्षाही लागत नाही. अर्ज ज्याचा त्याने करण्याऐवजी नावे सहकाऱ्यांनी आणि मागील वर्षी उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांनी सुचवावीत. पूर्णवेळ सेवेची अट काढून टाकावी. आणि निवड झाली की मानपत्रात ‘अध्यापन क्षेत्रातील उल्लेखनीय कार्याबद्दल’ असे मोघम वाक्य न छापता त्या शिक्षकाने वर्गात नेमके काय केले हे अर्ध्या पानात लिहावे, म्हणजे ते वाचून दुसऱ्या कोणाला तरी ते आपल्या वर्गात करून पाहता येईल. १५१५ रुपयांच्या त्या सरासरीची गोष्ट अशा मानपत्रात छापली गेली असती तर मला खात्री आहे, की जिल्ह्यातल्या चार-सहा वर्गांत तरी पुढच्या सत्रात कोणी द्राक्षांचे, कोणी टोमॅटोचे भाव फळ्यावर लिहिले असते.

वर्ग पाहण्याला स्टाफरूममधून विरोध होईल याची मला कल्पना आहे, आणि त्या विरोधात तथ्यही आहे. ज्या संस्थांत व्यवस्थापनाला नकोसा झालेला अध्यापक वळणावर आणण्यासाठी कोणत्याही कागदाचा उपयोग होऊ शकतो, तेथे आणखी एक निरीक्षण अहवाल हातात देणे म्हणजे संकटाला आमंत्रण, असे माझे काही मित्र म्हणतात. म्हणूनच हे पाहणे सेवापुस्तिकेपासून आणि गोपनीय अहवालापासून पूर्णपणे वेगळे ठेवावे लागेल. बोलावणे अध्यापकाचे असावे, टिपण त्याच्याच हाती द्यावे, आणि ते पुरस्कारासाठी किंवा पदोन्नतीसाठी जोडायचे की नाही हे त्यानेच ठरवावे. वेळ नाही हा दुसरा आक्षेप. वर्षभर जिओटॅग छायाचित्रांची आणि उपक्रम अहवालांची जी खर्डेघाशी चालते, ती थोडी कमी केली तर आठवड्याला एक तास निघणे अशक्य नाही. आयोगाने २०२५ च्या जानेवारीत चर्चेसाठी ठेवलेल्या विनियमांच्या मसुद्यात नावीन्यपूर्ण अध्यापनातील योगदानाला निवड आणि पदोन्नतीच्या निकषांत स्थान दिले होते. ते स्वागतार्ह आहे, परंतु असे योगदान सिद्ध कसे करायचे हे ठरले नाही तर त्याचीही एक फाइल होईल आणि तिचे नमुने बाजारात विकत मिळू लागतील.

पाठबळाच्या बाजूने पाहिले तर दिंडोरी तालुक्यात शिवनई येथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नाशिक उपकेंद्र आहे. तेथे अध्यापन साहाय्याचा एक छोटा कक्ष उघडता येईल: एक-दोन अनुभवी अध्यापक, ज्यांचा कार्यभार त्यासाठी कमी केलेला आहे, चांगल्या तासांच्या चित्रफितींचा आणि मराठीतून तयार केलेल्या उदाहरणांचा संग्रह, आणि वर्गासाठी साहित्य तयार करू इच्छिणाऱ्यांना, तासिका तत्त्वावरील अध्यापकांसह, छोटी रक्कम. प्रवासभत्त्याचा प्रश्न सुटला नाही तर सुरगाण्याचा किंवा नांदगावचा अध्यापक तेथे येणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ या दोघांनी आपला अनुभव या कक्षाला दिला तर तीन विद्यापीठांचा शहराला खरोखर उपयोग झाला असे म्हणता येईल.

तोपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. परस्परांच्या वर्गांत जाऊन बसायला शासननिर्णय लागत नाही, विद्यापीठाची परवानगीही लागत नाही. दोन प्राचार्यांनी एकमेकांना फोन केला तरी पुरे. दिवाळीनंतरच्या सत्रात नाशिकमधील कोणा दोन महाविद्यालयांनी, निदान एका विषयापुरते, हे करून पाहायचे ठरवले तर संख्याशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला मी विनामोबदला यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपला स्नेहांकित,
एक सेवानिवृत्त प्राध्यापक,
गंगापूर रोड, नाशिक